बद्रुद्दीन कंडक्टर ते जॉनी वॉकर

गणेशोत्सव आणि सिनेमा यांचे नाते जुने आहे. दूरदर्शन घरोघरी पोहोचण्यापूर्वी उत्सवाच्या दहा दिवसांत एखाद्या रात्री मंडपासमोर पांढरा पडदा बांधला जाई आणि रस्त्यावर सतरंज्या अंथरून सारी गल्ली सिनेमा पाहायला बसे. पुढे जागा मिळाली नाही की मंडळी पडद्याच्या मागच्या बाजूला बसत आणि उलटा सिनेमा तितक्याच आनंदाने पाहत. त्या पडद्यावर नायक आला की टाळ्या पडत, नायिका रडली की पदर डोळ्यांना लागत. पण बारीक मिशीचा, किनऱ्या आवाजाचा, डोळे मिचकावत बोलणारा एक माणूस आला, की पहिल्या रांगेतल्या पोरांपासून खुर्चीवर बसलेल्या आजोबांपर्यंत सगळे एकदम हसू लागत. त्या माणसाचे नाव जॉनी वॉकर.

रसिक वाचकहो, हे नाव सर्वांच्या ओळखीचे आहे. पण हा माणूस आपल्या इंदूरचा होता आणि त्याचे खरे नाव बद्रुद्दीन जमालुद्दीन काझी होते, हे आजच्या तरुण पिढीतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल. पडद्यावरच्या गर्दीत उभा राहण्यासाठी धडपडणारा एक सिनेमावेडा कंडक्टर हिंदी चित्रपटाचा लाडका विनोदी नट कसा झाला, ती ही हकिकत.

बद्रुद्दीन यांचा जन्म 1920 च्या दशकात इंदूरमध्ये झाला. त्या काळी इंदूर ही होळकरांची राजधानी आणि कापड गिरण्यांचे शहर होते. मालवा मिल, हुकुमचंद मिल, राजकुमार मिल, स्वदेशी मिल ही नावे आजही आपल्याकडे पत्ता सांगताना तोंडात येतात. भोंग्यावर शहराचे घड्याळ चाले. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरणी कामगारांच्या झांक्या निघत, आणि गिरण्यांचे भोंगे कायमचे बंद झाल्यावरही त्या झांक्या निघत राहिल्या, हे आपण सारे जाणतोच. अशाच एका गिरणी कामगाराच्या घरी बद्रुद्दीन वाढले. दहा भावंडांचे कुटुंब आणि कमावणारे एकटे वडील. गिरणीतले काम सुटले आणि घराचा आधारच गेला. चूल पेटवायची तर कामाच्या शोधात गाव सोडण्यावाचून गत्यंतर नव्हते. काझी कुटुंबाने मुंबईची वाट धरली.

मुंबईत आल्यावर बद्रुद्दीन यांच्या शिक्षणाचा प्रश्न मागे पडला आणि पोटाचा पुढे आला. घरातल्या मोठ्या मुलाच्या वाट्याला जे येते तेच त्यांच्या वाट्याला आले. त्यांनी आइसकांडी विकली, फळे विकली, भाजी विकली, वह्या-पेन्सिली विकल्या. त्यासाठी ते लांबलांब पायपीट करत. फेरीवाल्याला दोन गोष्टी आपोआप येतात, एक म्हणजे माणूस ओळखणे आणि दुसरी म्हणजे आवाजाने त्याला थांबवणे. पुढे पडद्यावर या दोन्ही गोष्टी त्यांच्या कामी आल्या.

या सगळ्या ओढाताणीत एक वेड मात्र त्यांनी जपले होते, ते सिनेमाचे. त्यांचे दैवत होते नूर मोहंमद चार्ली. 1930 आणि 40 च्या दशकांत हा नट हिंदी बोलपटांतला सर्वांत गाजलेला विनोदवीर होता. चॅप्लिनसारखी मिशी, चॅप्लिनवरून घेतलेले नाव, आणि तो स्वतः गाणीही म्हणत असे. विनोदी नटाच्या नावावर चित्रपट चालू शकतो, हे त्याने दाखवून दिले होते. बद्रुद्दीन त्याचे सिनेमे पाहत, त्याच्या उड्या, त्याच्या कसरती, त्याच्या लकबी पाठ करत आणि घरी त्यांचा सराव करत. पण स्टुडिओच्या दारावरचा पहारेकरी भाजी विकणाऱ्या पोराला आत थोडाच सोडणार?

मग त्यांना बेस्टमध्ये बस कंडक्टरची नोकरी लागली. मुंबईत मोटारबस 15 जुलै 1926 रोजी सुरू झाली होती आणि 1940 च्या दशकापर्यंत ट्रामच्या जोडीने ती शहराची गरज बनली होती. बद्रुद्दीन यांची नेमणूक दादरच्या डेपोत होती. दरमहा ठरलेला पगार म्हणजे त्या कुटुंबासाठी मोठाच दिलासा. शिवाय बद्रुद्दीन यांच्या दृष्टीने या नोकरीत आणखी एक सोय होती. बसमधून शहरभर फिरता येत होते आणि दादर, परळ, अंधेरी या भागांतल्या स्टुडिओंची दारे त्या वाटेवर होती.

कंडक्टरचे काम तसे रुक्ष. तिकीट फाडा, सुटे पैसे द्या, पुढे सरका म्हणून ओरडा. पण बद्रुद्दीन यांच्या बसमध्ये प्रवासाचे नाटक होई. थांब्यांची नावे ते निरनिराळ्या आवाजांत पुकारत, नकला करत, चेहरे करत, घामाने त्रासलेल्या प्रवाशांना हसवत. प्रवासी खूश होत आणि उतरून आपापल्या वाटेने जात. बद्रुद्दीन मात्र हे केवळ हौसेखातर करत नव्हते. या गर्दीत एखाद्या दिवशी सिनेमातला कोणी माणूस बसलेला असेल आणि त्याची नजर आपल्यावर पडेल, ही आशा त्यामागे होती. दररोज शेकडो माणसे चढतात आणि उतरतात, त्यांत एक आपल्यासाठी चढेल, अशा भरवशावर हा माणूस रोज नवा खेळ करत होता.

सुटीच्या वेळी ते स्टुडिओंच्या दाराशी जाऊन उभे राहत. चित्रपटांत बाजार, लग्न, दरबार, न्यायालय अशी दृश्ये असली की गर्दी लागते. ती गर्दी पुरवणारे मुकादम असत. त्यांच्या हातापाया पडून, ओळखी काढून एक दिवसाचे काम मिळे. अशा कामगारांना तेव्हा सरळ एक्स्ट्रा म्हणत. आज त्यांना ज्युनिअर आर्टिस्ट म्हणतात. मिळेल तो पोशाख अंगावर चढवायचा, दिवसभर दिव्यांच्या धगीत बसून राहायचे, सांगतील तेव्हा टाळ्या वाजवायच्या किंवा पळायचे, आणि संध्याकाळी थोडी मजुरी घेऊन घरी जायचे. पडद्यावर आपला चेहरा दिसेलच याची खात्री नाही. नायकाच्या खांद्याआडून अर्धा कान दिसला तरी घरच्यांना दाखवायला पुरे. बद्रुद्दीन यांनी हे कामही मन लावून केले. चाहत्याला पडद्यामागे शिरायला मिळालेली ती एवढीशी फट होती.

आणि एक दिवस तो प्रवासी खरोखरच भेटला. त्याचे नाव बलराज साहनी.

बलराज साहनी तेव्हा आजच्याइतके प्रसिद्ध नव्हते. इप्टा या नाट्यसंस्थेचे ते कार्यकर्ते, डाव्या विचारांचे, लेखणी आणि अभिनय दोन्हींत मुरलेले. श्रमिक माणसाकडे पाहण्याची त्यांची नजर निराळी होती. पुढे दो बिघा जमीन (1953) या चित्रपटात रिक्षा ओढणाऱ्याची भूमिका करताना त्यांनी कोलकात्याच्या रस्त्यावर प्रत्यक्ष रिक्षा ओढून पाहिली. अशा माणसाला बसमधला हा कंडक्टर दिसला. इतर प्रवासी नुसते हसले, साहनींनी मात्र त्याच्यातला नट पाहिला. त्या सुमारास ते नवकेतन या संस्थेसाठी बाजी या चित्रपटाची पटकथा लिहीत होते.

बाजीचे दिग्दर्शक होते गुरुदत्त, आणि हा त्यांचा पहिलाच चित्रपट. गुरुदत्त आणि देव आनंद यांची मैत्री पुण्याच्या प्रभात स्टुडिओतली. दोघेही तेव्हा उमेदवारी करत होते. आपल्यापैकी ज्याला आधी संधी मिळेल त्याने दुसऱ्याला हात द्यायचा, असा त्यांचा करार होता. देव आनंद यांनी नवकेतन काढल्यावर तो शब्द पाळला आणि गुरुदत्त यांना दिग्दर्शन दिले. म्हणजे ज्या दारातून बद्रुद्दीन यांना आत जायचे होते, ते दार मुळात मैत्रीच्या शब्दावर उघडले होते.

साहनींना ठाऊक होते की नुसती शिफारस चिठ्ठी देऊन भागणार नाही. अशा चिठ्ठ्या घेऊन रोज पन्नास जण येतात. त्यांनी बद्रुद्दीन यांना एक युक्ती सांगितली. सरळ दारुड्याचे सोंग घेऊन कार्यालयात घुसायचे आणि गुरुदत्त यांच्यासमोर धुडगूस घालायचा. आधी कोणाला काही सांगायचे नाही.

यात केवढा धोका होता ते आज आपल्या लक्षात येणार नाही. पाठीमागे मोठे कुटुंब असलेला, रोजच्या पगारावर जगणारा एक कंडक्टर. सोंग फसले असते तर धक्के मारून बाहेर काढले असते, कदाचित पोलिसांच्या हवाली केले असते, आणि पुन्हा कोणत्याही स्टुडिओच्या दारात उभे राहण्याची सोय उरली नसती. पण वर्षानुवर्षे बसच्या दांड्याला धरून ज्याची तालीम केली, ती दाखवायची वेळ हीच होती. बद्रुद्दीन झोकांड्या खात आत शिरले. जीभ जड करून ते बरळू लागले, समोरच्या माणसांना अडवू लागले, त्यांची थट्टा करू लागले. तिथली मंडळी आधी चकित झाली, मग हसू लागली आणि शेवटी वैतागली. या बेवड्याला बाहेर काढा असे म्हणण्यापर्यंत पाळी आली, तेव्हा साहनी पुढे झाले आणि त्यांनी खुलासा केला. झोकांड्या खाणारा माणूस एका क्षणात ताठ उभा राहिला. गुरुदत्त यांची खात्री पटली. बाजीत त्यांना भूमिका मिळाली.

यातली गंमत अशी की ज्यांच्या दारुड्याच्या सोंगावर सारे कार्यालय फसले, त्या बद्रुद्दीन यांनी दारूला कधी स्पर्शही केलेला नव्हता. पुढेही आयुष्यभर केला नाही. ते धार्मिक वृत्तीचे, निर्व्यसनी गृहस्थ होते. पण गुरुदत्त यांनी त्यांना पडद्यासाठी नाव दिले ते एका प्रसिद्ध स्कॉच व्हिस्कीचे. बद्रुद्दीन काझी जॉनी वॉकर झाले. दारूच्या बाटलीवरचे नाव घेऊन तो माणूस पन्नास वर्षे सभ्यपणाने वावरला, हा त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा विनोद म्हटला पाहिजे.

बाजी 1951 साली प्रदर्शित झाला आणि गाजला. त्यानंतर गुरुदत्त आणि जॉनी वॉकर ही जोडी जमली. जाल, आर पार, मिस्टर अँड मिसेस 55, सी.आय.डी., प्यासा, कागज के फूल, चौदहवीं का चाँद या चित्रपटांची नावे घेतली तरी तो काळ डोळ्यांसमोर उभा राहतो. गुरुदत्त यांचा स्वभाव अंतर्मुख, चित्रपटांत उदासीची छाया. त्या छायेत जॉनी वॉकर उन्हाच्या कवडशासारखे येत. गुरुदत्त त्यांना प्रसंग समजावून सांगत, लिहिलेले संवाद देत आणि त्याहून चांगले सुचले तर बोलायची मोकळीक देत. जॉनी वॉकर ऐनवेळी काहीतरी नवे बोलत, आणि सेटवरच्या कामगारांना हसू आले की ते ठेवले जाई. गर्दीतून आलेल्या नटाची परीक्षा पुन्हा गर्दीच घेत होती, असेच म्हणायचे.

सी.आय.डी. (1956) मधला त्यांचा खिसेकापू आठवा. मुंबईच्या रस्त्यांवर चित्रित झालेले, या शहरात जगणे किती अवघड आहे ते हसतहसत सांगणारे त्यांचे गाणे आजही लोक गुणगुणतात. मजरूह सुलतानपुरींच्या त्या गीतात ट्राम येते, मोटार येते, गिरणीही येते. ज्याने याच शहरात फेरी मारून माल विकला, बसमध्ये तिकिटे फाडली आणि ज्याच्या बापाची रोजी गिरणीत गेली, त्याच्या तोंडी हे गाणे आले, हा योगायोगही किती नेमका! प्यासा (1957) मध्ये ते डोक्याला तेलमालीश करणारा सत्तार झाले. दुःखाने भरलेल्या त्या चित्रपटात सत्तारच्या तेलमालिशीचे गाणे सुरू झाले की प्रेक्षक क्षणभर मोकळा श्वास घेतो. शब्द साहिर लुधियानवींचे, चाल सचिनदेव बर्मन यांची, आवाज महंमद रफींचा. रफींनी जॉनी वॉकर यांच्यासाठी गाताना आवाजात त्यांची लकब अशी उचलली की पडद्यावर तेच गात आहेत असे वाटावे. चित्रपटात जॉनी वॉकर यांचे एक गाणे हवेच, असा आग्रह वितरक धरू लागले. नूर मोहंमद चार्लीच्या चाहत्याला आणखी काय हवे होते? 1957 साली तर जॉनी वॉकर याच नावाचा चित्रपट निघाला.

आर पारच्या (1954) सेटवर त्यांना त्यांची जीवनसाथी भेटली. अभिनेत्री शकीला यांची बहीण नूर. 1955 साली दोघांचा विवाह झाला. सहा मुलांचा संसार त्यांनी नीट केला. स्वतःचे शिक्षण लहानपणीच सुटल्याची खंत त्यांना होती, म्हणून मुलांच्या शिक्षणात त्यांनी काही उणे पडू दिले नाही.

बिमल रॉय यांच्या मधुमती (1958) मधील चरणदास या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअरचे सहायक अभिनेत्याचे पारितोषिक मिळाले. तिथेही झिंगलेल्या माणसाचे गाणे त्यांच्याच वाट्याला आले होते. पुढे शिकार (1968) साठी विनोदी अभिनेत्याचे पारितोषिक मिळाले. या चित्रपटाचे दिग्दर्शक आत्माराम हे गुरुदत्त यांचे धाकटे बंधू. पण तो दिवस पाहायला गुरुदत्त नव्हते. 10 ऑक्टोबर 1964 रोजी, वयाच्या अवघ्या 39 व्या वर्षी त्यांचे निधन झाले होते. ज्याने नाव दिले तो माणूस गेला, आणि दिलेले नाव पडद्यावर लोकांना हसवत राहिले. विनोदी नटाला आपले दुःख पडद्याबाहेर ठेवावे लागते.

1971 च्या आनंद चित्रपटात जॉनी वॉकर यांची भूमिका छोटीशी आहे, पण ती विसरता येत नाही. मृत्यूच्या दारात उभा असलेला आनंद रस्त्यात दिसेल त्या अनोळखी माणसाला जुना मित्र समजून हाक मारतो. लोक त्याला वेडा समजतात, झिडकारतात. एकच माणूस, नाटक कंपनीवाला ईसाभाई सूरतवाला, त्याच्या हाकेला तशीच ओ देतो आणि न झालेल्या ओळखीचे नाटक रंगवतो. ते दृश्य पाहताना बसमधला कंडक्टर आठवल्याशिवाय राहत नाही. अनोळखी गर्दीला रोज हाका मारणाऱ्या बद्रुद्दीन यांना एके दिवशी एका प्रवाशाने ओ दिली होती. पडद्यावर ती परतफेड जणू त्यांनी ईसाभाईच्या रूपाने केली.

सत्तरच्या दशकानंतर चित्रपटांतला विनोद बदलला. द्व्यर्थी बोलणे, अंगविक्षेप वाढले. जॉनी वॉकर यांना ते मानवणारे नव्हते. आपल्या एवढ्या चित्रपटांत सेन्सॉरला आपला एकही संवाद कापावा लागला नाही, याचा त्यांना अभिमान होता. सहकुटुंब सिनेमा पाहायला आलेल्या माणसाला मान खाली घालावी लागू नये, हा त्यांचा साधा नियम. तो मोडण्यापेक्षा त्यांनी कामे कमी केली. 1985 साली पहुँचे हुए लोग हा चित्रपट स्वतः दिग्दर्शित केला आणि नंतर ते जवळजवळ निवृत्तच झाले.

तरी शेवटची एक भूमिका बाकी होती. कमल हासन यांनी चाची 420 (1997) साठी त्यांना आग्रहाने बोलावले. नायकाला बाई बनवणारा, दारूची आवड असलेला म्हातारा रंगभूषाकार जोसेफ त्यांनी असा रंगवला की नव्या पिढीलाही जॉनी वॉकर म्हणजे काय ते कळले. 1951 साली दारुड्याच्या सोंगाने उघडलेले दार दारुड्याच्याच भूमिकेने त्यांनी हलकेच लावून घेतले. 29 जुलै 2003 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावावर सुमारे 300 चित्रपट आहेत.

बस कंडक्टरचा नट झाल्याचे दुसरे उदाहरण आपल्याला माहीत आहे, ते बेंगळुरूच्या मराठी घरात जन्मलेल्या शिवाजीराव गायकवाड यांचे, म्हणजेच रजनीकांत यांचे. अशा कथा ऐकायला गोड वाटतात, पण त्यातली एक गोष्ट विसरू नये. स्टुडिओच्या दाराशी त्या दिवशी बद्रुद्दीन यांच्यासोबत रांगेत आणखीही माणसे उभी होती. तीही सिनेमावेडी होती, त्यांच्याही घरी खाणारी तोंडे होती. त्यांचे चेहरे जुन्या चित्रपटांतल्या बाजारात, वरातीत, दरबारात आजही दिसतात, पण त्यांची नावे कोणालाच माहीत नाहीत. बद्रुद्दीन यांच्यात गुण होता, कष्ट होते, धाडसही होते. पण त्या सगळ्याला अर्थ आला तो एका माणसाने थांबून पाहिले म्हणून. बलराज साहनी त्या दिवशी खिडकीबाहेर पाहत बसले असते तर?

आपल्या उत्सवातही असेच आहे. मंचावर चार जण दिसतात. पण मांडव घालणारे, झांकीचे चाक ढकलणारे, नाटकात भालदार-चोपदार होऊन दोन तास उभे राहणारे, प्रसादाची भांडी घासणारे असे कितीतरी हात गर्दीत असतात. त्यांतला एखादा पोरगा कोपऱ्यात कोणाची तरी झकास नक्कल करत असेल. कार्यकर्त्यांनो, यंदा जरा त्याच्याकडे लक्ष असू द्या. पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमात त्याला पाच मिनिटे द्या.

इंदूरच्या या गिरणी कामगाराच्या मुलाने आपल्या तीन पिढ्यांना निर्मळ हसू दिले. सुखकर्त्याच्या उत्सवात त्या हसवणाऱ्याला आपणा सर्वांचे विनम्र अभिवादन.